उजेड आणि ऊन : मागे होणाऱ्या इमारतीच्या अहवालातले आकडे कसे वाचावेत?

कवडसा
नमस्कार. आम्ही लंडनच्या बाहेरच्या पट्ट्यातल्या एका बरोमध्ये (स्वतःचे काउन्सिल असलेल्या महापालिका-विभागात), १९३०च्या दशकात बांधलेल्या रांगेतल्या घरात राहतो. आमच्या मागच्या अंगणापलीकडे, उत्तरेला, एक जुनी दुमजली कार्यशाळा आहे. ती पाडून तिथे पाच मजली सदनिका बांधण्यासाठी नियोजन अर्ज दाखल झाला आहे. हरकत नोंदवायला काउन्सिलच्या पत्रात २१ दिवसांची मुदत आहे आणि त्यातले सहा दिवस गेले आहेत.

अर्जाबरोबर ‘डेलाइट अँड सनलाइट’ असा एक जाडजूड अहवाल जोडलेला आहे. त्यातल्या तक्त्यात आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपुढे असे लिहिले आहे : व्हीएससी सध्या २४.६, प्रस्तावित १७.९, गुणोत्तर ०.७३. पुढच्या तक्त्यात त्याच खोलीसाठी एनएसएल ०.८८ दाखवले आहे, आणि एपीएसएचच्या रकान्यात ‘लागू नाही’ एवढेच आहे. शेवटी निष्कर्ष असा की तपासलेल्या खिडक्यांपैकी ९२ टक्के खिडक्या मार्गदर्शक निकषांत बसतात आणि उरलेल्या ठिकाणची घट शहरी परिसराला साजेशी आहे.

माझ्या सासूबाईंची दृष्टी अधू आहे. भाजी निवडणे, वाचणे, औषधांच्या पट्ट्या ओळखणे, हे सगळे त्या याच खोलीत दिवसाच्या उजेडात करतात. म्हणून मला खरोखर समजून घ्यायचे आहे की ०.७३ म्हणजे नेमके किती, तो आकडा वाईट असेल तर अर्ज नामंजूर होतो का, आणि आमच्या हरकतीला काही वजन असते का.

जुनीवीट
इमारत उत्तरेला आहे ना? मग काळजीचे कारण दिसत नाही. इथे सूर्य दक्षिणेकडून फिरतो, त्यामुळे उत्तरेच्या इमारतीची सावली तुमच्यावर पडणारच नाही. अहवालात ‘लागू नाही’ लिहिले आहे ते त्यामुळेच.

मोजणीदार
मी गेली बारा वर्षे याच प्रकारची मोजणी करतो. बहुतेक वेळा विकासकांसाठी, कधीकधी शेजाऱ्यांसाठी. जुनीवीट यांचे म्हणणे उन्हापुरते बरोबर आहे, पण उजेडाच्या बाबतीत अगदी उलट आहे, आणि हा गैरसमज इतका सर्रास आढळतो की थोडे सविस्तर लिहितो.

आपल्या भाषेत ऊन आणि उजेड हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि अहवालाच्या नावातही ते दोन वेगळेच आहेत. ऊन थेट सूर्याकडून येते. उजेड आकाशाकडून येतो, संपूर्ण झाकोळलेल्या आकाशाकडूनही येतो. व्हीएससी, म्हणजे ‘व्हर्टिकल स्काय कॉम्पोनन्ट’, हा उजेडाचा आकडा आहे : मोकळ्या जागी आडव्या पृष्ठावर आकाशाचा जेवढा उजेड पडतो, त्याच्या किती टक्के खिडकीवर पडतो ते. तो काढताना आकाश ढगांनी पूर्ण आच्छादलेले धरतात. त्यात सूर्य नसतोच, म्हणून दिशेलाही काही महत्त्व राहत नाही. तुमच्या खिडकीला तिच्या समोरचे आकाश प्रकाश देते. समोर उत्तर आहे आणि इमारतही उत्तरेला आहे, म्हणजे ती इमारत तुमच्या एकुलत्या एका आकाशासमोरच उभी राहणार आहे.

आता आकडा. मोकळ्या माळावरच्या घराच्या भिंतीतल्या खिडकीलासुद्धा व्हीएससी ४० टक्क्यांच्या किंचित खालीच मिळतो, कारण अर्धे आकाश ती भिंतच झाकते. त्यामुळे २४.६ हा आकडा शंभरपैकी वाचू नका, चाळिसापैकी वाचा. बीआरई या संशोधन संस्थेची जी मार्गदर्शिका सगळे वापरतात (पहिली आवृत्ती १९९१, दुसरी २०११, सध्याची तिसरी २०२२), ती म्हणते की नव्या बांधकामानंतर व्हीएससी २७ च्या खाली गेला आणि शिवाय पूर्वीच्या ०.८ पटीहून कमी झाला, तर राहणाऱ्यांना उजेडातली घट जाणवेल. दोन्ही अटी एकदम लागू व्हाव्या लागतात. तुमच्या खिडकीला त्या लागू होतात.

‘जाणवेल’ हा शब्द मात्र नीट लक्षात ठेवा. मार्गदर्शिका ‘जाणवेल’ म्हणते, ‘चालणार नाही’ असे कुठेही म्हणत नाही.

जुनीवीट
माझी चूक झाली. इतकी वर्षे मी उन्हालाच उजेड समजत होतो. तरीही एक शंका राहते : जूनमध्ये भल्या सकाळी आणि संध्याकाळी आमच्या उत्तरेच्या खिडकीत ऊन येते. ते कुठे मोजतात?

मोजणीदार
ते मोजत नाहीत. उन्हाची तपासणी फक्त दक्षिणेपासून ९० अंशांच्या आत तोंड असलेल्या खिडक्यांची होते. अशा खिडकीला वर्षभरातल्या संभाव्य उन्हाच्या तासांपैकी निदान २५ टक्के, आणि २१ सप्टेंबर ते २१ मार्च या हिवाळी काळात निदान ५ टक्के मिळावेत, अशी अपेक्षा असते. यालाच एपीएसएच म्हणतात. लंडनसाठी मार्गदर्शिकेत वर्षाचे १,४८६ तास धरले आहेत, म्हणजे २५ टक्के हे सुमारे ३७२ तास झाले. उत्तरेच्या खिडकीतले उन्हाळी ऊन त्या घरातल्या माणसांना कितीही मोलाचे वाटत असले तरी या हिशेबात येत नाही. मला स्वतःला ही उणीव वाटते.

निळीशाई
कवडसाताई, सॉफ्टवेअरशिवायही एक ढोबळ पडताळा घरबसल्या घेता येतो. अर्जाच्या छेदचित्रात नव्या इमारतीची उंची आणि तुमच्या मागच्या भिंतीपासूनचे अंतर दिलेले असेल. तुमच्या खिडकीच्या मध्यबिंदूपासून त्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेषा ओढली आणि ती आडव्या पातळीशी २५ अंशांहून कमी कोन करत असेल, तर फारसा परिणाम होणार नाही असे मार्गदर्शिकाच मानते. कोन त्याहून मोठा असेल तर पुढची सविस्तर मोजणी आवश्यक ठरते.

कवडसा
निळीशाई, आत्ताच बसून केले. इमारतीचा माथा १६ मीटर, अंतर २० मीटर, खिडकीचा मध्य जमिनीपासून १.६ मीटर. म्हणजे १४.४ भागिले २०, कोन सुमारे ३६ अंश. सध्याच्या कार्यशाळेचा माथा ९ मीटरवर आहे, तिचा कोन २० अंशांच्या आसपास येतो. मग एक कळत नाही : आजच कोन २५ च्या आत असताना आमचा व्हीएससी २७ च्या खाली का आहे?

निळीशाई
खिडकीच्या शेजारी काही पुढे आलेले आहे का? बाजूची भिंतही आकाश कापते.

कवडसा
हो. डावीकडच्या शेजाऱ्यांचे मागचे एक्सटेन्शन आहे. आता समजले.

पायाभरणी
मी वास्तुरचनाकार आहे आणि अशा अर्जांच्या दुसऱ्या बाजूने काम करते, त्यामुळे माझे मत थोडे वेगळे आहे. ते प्रामाणिकपणे मांडते.

पहिली गोष्ट म्हणजे २७ हा आकडा विरळ वस्तीच्या उपनगरी रस्त्याला शोभणारा आहे. २५ अंशांच्या अडथळ्यापासून तो निघतो, म्हणजे समोरासमोरची बुटकी घरे आणि मधे रुंद रस्ता हे चित्र त्याच्या मुळाशी आहे. लंडनच्या आतल्या भागात कितीतरी जुनी, लोकांना मनापासून आवडणारी घरे या निकषात कधीच बसली नसती. मार्गदर्शिका स्वतःच सांगते की तिचे आकडे बंधनकारक नाहीत, ते लवचीकपणे वाचावेत, आणि परिसराला अनुरूप असे वेगळे लक्ष्यही ठरवता येते. इंग्लंडच्या राष्ट्रीय नियोजन धोरण चौकटीतही असे म्हटले आहे की जागेचा चांगला उपयोग होण्यात उजेडाविषयीचे धोरण आडवे येत असेल, तर घरांसाठीच्या अर्जांच्या बाबतीत काउन्सिलांनी लवचीक भूमिका घ्यावी. मात्र राहणीमान स्वीकारण्याजोगे राहिले पाहिजे.

दुसरी गोष्ट, ज्या जागेवर आज जवळजवळ काहीच नाही तिथे काहीही बांधले तरी गुणोत्तर वाईटच दिसते. वाहनतळासमोरच्या घराचा व्हीएससी आज ३७ असेल आणि समोर साधी तीन मजली रांग आली तरी तो ०.७ पटीवर येऊ शकतो. त्या घराला आजवर दुसऱ्याच्या रिकाम्या जागेमुळे जास्तीचा उजेड मिळत होता. तो कायम राहावा ही अपेक्षा मी समजू शकते, पण तेवढ्यासाठी तिथे घरे होऊ नयेत हे मला पटत नाही. त्या सदनिकांतही माणसेच राहणार आहेत.

चौथामजला
पायाभरणी यांच्या शेवटच्या वाक्यावरून मला लिहावेसे वाटले, कारण मी तशाच एका नव्या सदनिकेत राहतो. आमचे स्वयंपाकघर आणि बसायची खोली एकच आहे, लांबट आहे, खिडकी फक्त एका टोकाला आहे आणि तिच्या डोक्यावर वरच्या मजल्याची बाल्कनी आहे. ओट्याकडचा दिवा आम्ही मे महिन्यातही भर दुपारी लावतो. शेजाऱ्यांच्या उजेडाची चर्चा नियोजन समितीच्या सभेत तासभर होते, पण नव्या घरांत राहायला येणाऱ्यांच्या वतीने त्या सभेत कोणीच बोलत नाही, कारण ती माणसे अजून आलेलीच नसतात. आमच्या इमारतीच्या अहवालात या खोलीचा समावेश ‘निकषांत न बसणाऱ्या थोड्या खोल्यां’मध्ये होता, हे मला घर घेतल्यानंतर, तो अहवाल काउन्सिलच्या संकेतस्थळावर वाचल्यावर कळले.

मोजणीदार
चौथामजला यांनी महत्त्वाची बाजू मांडली. नव्या घरांच्या आतल्या उजेडासाठी पूर्वी सरासरी डेलाइट फॅक्टर (बाहेरच्या उजेडापैकी सरासरी किती टक्के आत पोहोचतो) वापरत : स्वयंपाकघराला २ टक्के, बसायच्या खोलीला १.५ आणि झोपायच्या खोलीला १. आता २०२२ च्या आवृत्तीनुसार लक्समध्ये (पृष्ठावर पडणाऱ्या उजेडाच्या एककात) लक्ष्ये असतात. दिवसाच्या उजेडाच्या एकूण तासांपैकी निदान अर्धा वेळ, खोलीच्या निदान अर्ध्या भागात, स्वयंपाकघरात २००, बसायच्या खोलीत १५० आणि झोपायच्या खोलीत १०० लक्स मिळावेत. खोली एकत्र असेल तर स्वयंपाकघराचे मोठे लक्ष्य लावावे की बसायच्या खोलीचे, यावर वाद होतात. माझ्या मते, जिथे सुरीने चिरायचे असते तिथे मोठेच लक्ष्य लावले पाहिजे.

बाल्कनीचेही तसेच. वरची बाल्कनी असलेल्या खिडकीला उंचावरचे, म्हणजे अधिक तेजस्वी आकाश दिसत नाही. ढगाळ आकाशाच्या प्रमाण नमुन्यात माथ्यावरचे आकाश क्षितिजाच्या तिप्पट उजळ असते. अशा खिडकीला जो थोडा उजेड उरतो तो समोरच्या खालच्या आकाशाकडून, आणि तेच समोरची इमारत झाकते. म्हणूनच बाल्कनीसह आणि बाल्कनीशिवाय अशा दोन्ही मोजण्या करण्याची मुभा मार्गदर्शिकेत आहे : घट समोरच्यामुळे किती आणि आपल्याच बाल्कनीमुळे किती, हे त्यातून वेगळे करता येते.

दस्तऐवज
‘राइट टू लाइट’बद्दल अजून कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. नियोजन परवानगी आणि प्रकाशाचा हक्क या दोन निराळ्या गोष्टी आहेत. १८३२ च्या प्रिस्क्रिप्शन ॲक्टप्रमाणे एखाद्या खिडकीतून २० वर्षे अखंड प्रकाश येत असेल, तर तिच्या मालकाला तो प्रकाश अडवला जाऊ न देण्याचा हक्क मिळू शकतो. काउन्सिलने परवानगी दिली म्हणून हा हक्क संपत नाही, आणि हा हक्क आहे म्हणून काउन्सिल परवानगी नाकारत नाही. तो मालकांमधला खासगी प्रश्न असतो आणि न्यायालयात सुटतो, मनाईहुकमाने किंवा भरपाईने.

कसोटीही वेगळी असते. नियोजनात किती गेले हे पाहतात. न्यायालयात मुख्यतः किती उरले हे पाहतात. १९०४ च्या कोल्स खटल्यापासून हेच तत्त्व आहे की सामान्य वापराला पुरेल एवढा प्रकाश राहिला की नाही. त्यासाठी आजही वॉल्ड्रम यांची पद्धत वापरतात, जिच्यात खोलीच्या निम्म्या भागाला ०.२ टक्के आकाश मिळावे असे ढोबळ मानले जाते. ही पद्धत गेल्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतली असून तिच्यावर टीकाही पुष्कळ झाली आहे.

तुमची खिडकी मूळ घराचीच असेल तर २० वर्षांचा प्रश्न उरत नाही. तरीही हरकतीच्या पत्रात हा मुद्दा घालू नका. नियोजन अधिकारी तो बाजूला ठेवतात आणि तुमचे पत्र विनाकारण लांबते. सॉलिसिटरशी स्वतंत्रपणे बोला.

धुके
एडिनबरोहून एक दुरुस्ती : १८३२ चा तो कायदा स्कॉटलंडला लागू नाही. इथे २० वर्षांच्या वापराने असा हक्क मिळत नाही. शिवाय इथे २१ डिसेंबरच्या मध्यान्हीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम साडेदहा अंश वर येतो. लंडनला तो १५ अंशांवर असतो.

जुनीवीट
आणि मुंबईला त्याच दिवशी सुमारे ४७ अंशांवर. तिथे वाढलेल्या माणसाची नजर सावलीच्या लांबीबाबत इथे हमखास फसते. माझी तर फसलीच.

अंगणवेल
माझा अनुभव उलट दिशेचा आहे आणि थोडा कडू आहे. आमच्या अंगणाच्या दक्षिणेला चार मजली इमारत आली. अंगणासाठीचा निकष असा की २१ मार्चला निदान अर्ध्या क्षेत्रावर दोन तास ऊन पडले पाहिजे. आमच्या अंगणाच्या ५३ टक्के भागावर पडते, म्हणून आम्ही ‘उत्तीर्ण’. पण २१ मार्च हा मधला दिवस आहे. नोव्हेंबर ते जानेवारी त्या अंगणात उन्हाचा ठिपकाही येत नाही. फरशीवर शेवाळ धरते आणि कपडे वाळत नाहीत. मी सभेत हे सांगितले. अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतले, आणि अधिकाऱ्यांनी तोच आकडा पुन्हा वाचून दाखवला.

छतावर सौर पॅनेल असतील तर त्यांचा उल्लेख वेगळा करा, एवढे मात्र सुचवते. २०१९ मध्ये मेडवे काउन्सिलच्या एका प्रकरणात उच्च न्यायालयाने मानले की शेजाऱ्याच्या सौर पॅनेलवर पडणारी सावली हा नियोजनात विचारात घेण्याजोगा मुद्दा आहे. आमच्या छतावर ते नव्हते.

पायाभरणी
अंगणवेल, तुमचे दुःख खरे आहे आणि तो निकष खरोखर तोकडा आहे. मी आता प्रत्येक प्रकल्पात २१ डिसेंबरच्या आणि २१ जूनच्या सावल्याही काढून घेते. त्या मागितल्या जात नाहीत, तरी रचना ठरवताना उपयोगी पडतात.

कवडसा
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री अहवालाचे परिशिष्ट पुन्हा वाचले आणि एक गोष्ट सापडली, जी मला स्वतःला कधी सुचली नसती. आमच्या खोलीचा नकाशा त्यांनी कुठल्यातरी जुन्या विक्रीपत्रकावरून घेतलेला दिसतो. त्यात स्वयंपाकघर तीन मीटर खोल आणि वेगळे आहे. प्रत्यक्षात आम्ही नऊ वर्षांपूर्वी मधली भिंत काढली; आता खोली ६.४ मीटर खोल आहे, तिला खिडकी एकच, आणि सासूबाईंचे टेबल खिडकीपासून साडेतीन मीटरवर. परिशिष्टात त्या खोलीपुढे ‘गृहीत मांडणी’ असे बारीक अक्षरांत लिहिले आहे. याने काही फरक पडतो का?

मोजणीदार
खूप पडतो, पण व्हीएससीत नाही. व्हीएससी खिडकीच्या बाहेरच्या पृष्ठावर, मध्यबिंदूशी मोजतात. खोली केवढी आहे, आत कोण बसते, काच केवढी आहे, यातले काहीच त्याला ठाऊक नसते. फरक पडतो तो एनएसएलमध्ये, म्हणजे ‘नो स्काय लाइन’मध्ये. जमिनीपासून ८५ सेंटिमीटर उंचीवर, टेबलाच्या पातळीवर, खोलीच्या ज्या बिंदूंवरून आकाशाचा तुकडा दिसतो आणि ज्यांवरून अजिबात दिसत नाही, त्यांच्यामधली ही सीमारेषा आहे. त्या रेषेच्या आतला भाग पूर्वीच्या ०.८ पटीहून कमी झाला तर घट जाणवते असे मानतात.

तुम्ही दिलेल्या मापांवरून कागदावर ढोबळ हिशेब केला. कार्यशाळेच्या माथ्यावरून आणि खिडकीच्या वरच्या कडेवरून (ती २.२ मीटरवर धरली आहे) रेषा आत ओढली, तर आज आकाश खिडकीपासून सुमारे चार मीटरपर्यंत दिसते. तीन मीटरच्या कल्पित खोलीत म्हणजे सगळीकडेच दिसते, त्यामुळे नवी इमारत आल्यावरही ०.८८ असा बरा आकडा निघाला. खऱ्या खोलीत ही रेषा चार मीटरवरून थेट खिडकीकडे सरकेल आणि टेबल तिच्या अंधाऱ्या बाजूला जाईल. नव्या इमारतीच्या दोन्ही कडांना फट किती आहे त्यावर नेमका आकडा अवलंबून राहील, पण तो ०.८८ नक्कीच नसेल.

हरकतीत हेच लिहा. खोलीची मापे द्या, मोजपट्टी धरून काढलेली छायाचित्रे जोडा, आणि खऱ्या मांडणीवर पुन्हा मोजणी करून मागा. अहवाल लिहिणाऱ्यांनी हे मुद्दाम केले असे लिहू नका. आत शिरायला न मिळालेल्या घरांची मांडणी गृहीत धरणे ही रीतच आहे. ती चुकीची असल्याचे घरमालकानेच सांगायचे असते आणि बहुतेक जण सांगत नाहीत.

पायाभरणी
एक सावधगिरीचा शब्द. एकाच बाजूने उजेड येणारी खोली पाच मीटरहून खोल असेल तर रेषा जास्त सरकणे टाळता येत नाही, असे मार्गदर्शिकेतच म्हटले आहे. विकासकाचे सल्लागार हे वाक्य तुमच्यासमोर ठेवतील : भिंत तुम्हीच काढली, असे म्हणतील.

मोजणीदार
हो, ठेवतील, आणि ते वाक्य खरेच आहे. त्याला उत्तर असे की रेषा पाच मीटरांपलीकडच्या भागात सरकत नसून पहिल्या चार मीटरांतच सरकते आहे. म्हणजे खोली पाच मीटरच असती तरी घट तेवढीच झाली असती. हे पत्रात आधीच लिहून ठेवा.

९२ टक्क्यांबद्दलही बोलतो, कारण तो आकडा सभेत नक्की वाचला जाईल. त्या टक्केवारीचा छेद, म्हणजे एकूण किती आणि कोणत्या खिडक्या धरल्या ते, पाहा. ज्यांच्या उजेडाला धक्काही लागणार नाही अशा बाजूच्या रस्त्यावरच्या खिडक्या त्यात किती धरल्या आहेत? प्रकल्पासमोर तोंड असलेल्या तुमच्या रांगेपुरतीच मोजदाद केली तर किती टक्के उरतात, हे तक्त्यावरून तुम्हाला स्वतः मोजता येईल.

कवडसा
मोजले. आमच्या रांगेच्या तळमजल्यावर मागच्या बाजूला १४ खिडक्या आहेत, त्यातल्या ९ निकषांत बसत नाहीत.

दस्तऐवज
मग तुमच्या पत्राचे पहिले वाक्य हेच असू द्या. आणि दोन पायऱ्या वेगळ्या ठेवा. २०१८ मध्ये टॉवर हॅम्लेट्स काउन्सिलविरुद्धच्या रेनबर्ड खटल्यात उच्च न्यायालयाने हा क्रम स्पष्ट केला : आधी घट जाणवण्याजोगी आहे का, हा मोजणीचा प्रश्न, मग ती स्वीकारण्याजोगी आहे का, हा विवेकाचा प्रश्न. पुष्कळ अहवाल ‘शहरी परिसर’ हे शब्द वापरून दुसरी पायरी पहिल्यातच उरकून टाकतात. सासूबाईंचा उल्लेख करा, पण पत्र त्यावर उभे करू नका. नियोजनात माणसाच्या व्यक्तिगत परिस्थितीला क्वचितच वजन मिळते, कारण इमारत माणसांपेक्षा जास्त काळ उभी राहते. खोलीचा उपयोग सांगा : दिवसभर वापरात असलेली, घरातली मुख्य, एकच खिडकी असलेली खोली. हे वाक्य कोणीही तिथे राहायला आले तरी खरे राहते.

चौथामजला
पत्रात नव्या सदनिकांच्या आतल्या उजेडाचाही तक्ता मागा, एवढी विनंती. तुमच्या समोर राहायला येणाऱ्यांच्या वतीने.

कवडसा
(चार महिन्यांनंतर)
धागा वर काढते आहे, कारण ज्यांनी इतक्या आस्थेने लिहिले त्यांना पुढचे सांगायला हवे.

आमच्या रांगेतल्या सहा घरांनी मापांसह हरकती दिल्या. अधिकाऱ्यांनी सुधारित अहवाल मागवला आणि सल्लागारांचा माणूस घरी येऊन लेझरने खोली मोजून गेला. खऱ्या मांडणीवर आमचे एनएसएल ०.८८ ऐवजी ०.६३ निघाले. त्यानंतर विकासकाने वरचा मजला तीन मीटर मागे घेतला. आता व्हीएससी १९.१, म्हणजे ०.७८, एनएसएल ०.७१. नव्या सदनिकांच्या आतला तक्ताही आला. तळमजल्यावरच्या दोन घरांच्या खिडक्या त्यांनी मोठ्या केल्या आहेत. चौथामजला, हे तुमच्यामुळे झाले.

पुढच्या आठवड्यात समितीची सभा आहे. आकडे सुधारले, तरी दोन्ही अजून ०.८ च्या खालीच आहेत. हरकत मागे घ्यावी की ठेवावी?

मोजणीदार
ठेवा, पण नवे पत्र द्या. काय सुधारले ते मान्य करा आणि काय उरले ते सांगा. ०.७८ हे ०.८ च्या इतके जवळ आहे की अर्ज मंजूर होईल, असे माझे स्पष्ट मत आहे. तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही.

पायाभरणी
मंजूर होणारच असेल तर अटींकडे लक्ष द्या. व्हीएससीमध्ये समोरच्या भिंतीवरून परावर्तित होणारा उजेड धरतच नाहीत, पण खोलीत तो खरोखर पोहोचतो. चित्रांत दक्षिणेची भिंत गडद राखाडी विटेची आहे. बाहेरच्या साहित्याविषयी अट घालणे काउन्सिलच्या नेहमीच्या कामातले आहे. तुमच्याकडची भिंत फिकट विटेची असावी अशी अट मागा. सूर्य दक्षिणेला असताना ती भिंत त्याच्या समोर असेल, आणि तुमच्या उत्तरेच्या खिडकीला दुपारी तिच्यावरूनच उजेड मिळेल.

कवडसा
अर्ज काल मंजूर झाला, सहा विरुद्ध तीन मतांनी. बोलायला तीन मिनिटे मिळाली. १४ पैकी ९ आणि ०.६३ हे दोन आकडे सांगितले, आणि फिकट विटेची मागणी केली. ती अट म्हणून लागली आहे, नमुना मंजूर झाल्याशिवाय भिंतीचे काम सुरू होणार नाही.

सुधारित नकाशाप्रमाणे ती रेषा आमच्या खोलीत खिडकीपासून २.८ मीटरवर येते. आज सकाळी खडूने ती फरशीवर आखली आणि सासूबाईंचे टेबल तिच्या अलीकडे, खिडकीपासून दोन मीटरवर आणून ठेवले. त्या म्हणाल्या, इथे आधीच ठेवायला हवे होते.